एकोणतीस नंबरचा आवाज

त्या इस्पितळाच्या घसा विभागात तिला कुणी नावानं हाक मारत नसे. मोठ्या डॉक्टरांपासून फरशी पुसणाऱ्या मावशींपर्यंत सगळ्यांची ती काटा. तराजूवर असतो तो काटा. मोठ्या डॉक्टरांनीच एकदा भर बैठकीत म्हटलं होतं, "हिचा कान म्हणजे सोनाराचा काटा. गुंजभर इकडे नाही की तिकडे नाही." तेव्हा ती लाजून खाली बघत बसली होती. पण नंतर हे नाव तिनं असं अंगाला लावून घेतलं की एखाद्या नव्या मुलीनं मॅडम म्हटलं, तर आपलं काहीतरी काढून घेतल्यासारखं तिला वाटे.

तिचं काम ऐकण्याचं. ज्यांच्या घशातला एक स्वरतंतू लुळा पडलाय, अशा माणसांवर मोठे डॉक्टर एक नवी शस्त्रक्रिया करत. गळ्याच्या कूर्चेला बारीकशी खिडकी पाडायची, तिथून रबरासारखी एक पाचर आत सरकवायची आणि लुळ्या तंतूला ढकलून चांगल्या तंतूच्या शेजारी उभं करायचं. माणूस जागाच असतो. डॉक्टर पाचर केसभर हलवतात आणि म्हणतात, ‘आ करा’. पुन्हा हलवतात, पुन्हा ‘आ करा’. आवाज जमला की तिथंच टाके.

अशा चाळीस जणांचा अभ्यास चालला होता. प्रत्येकानं सहा ओळींचा एकच ठरलेला उतारा वाचायचा, एका नावाड्याचा आणि त्याच्या विझलेल्या दिव्याचा. तो रेकॉर्ड करायचा, आणि तीन ऐकणाऱ्यांनी शांतखोलीत बसून गुण द्यायचे. खरखर किती, हवा किती सुटते, ताण किती. शून्य म्हणजे निर्मळ, तीन म्हणजे वाईटात वाईट. नाव नाही, वय नाही, फक्त नंबर. कागदाच्या वरच्या कोपऱ्यात एक चौकट असे: ओळखीचा आवाज? होय की नाही. ‘होय’वर खूण केली की तो आवाज आपण ऐकायचा नाही, तो निवृत्त झालेल्या म्हाताऱ्या डॉक्टरांकडे जायचा. त्यांचा डावा कान कामातून गेला होता आणि उजव्याचाही भरवसा नव्हता, त्यामुळे ते सगळ्यांना सरसकट दोन देत आणि चहा मागवत.

यात एक नियम काट्याचा स्वतःचा होता. बाकीचे दोघे ऐकणारे, एक आवाज-शिक्षिका आणि एक तरुण डॉक्टर, मऊ मनाचे होते. ते पेशंटची कीव करून गुण देतात, असं तिचं ठाम मत होतं. म्हणून तिनं हट्टानं लिहून घेतलं होतं की तिघांपैकी एकानं जरी तिन्ही रकान्यांत तीन दिले, तर तो आवाज नापास, मग बाकीच्यांचे गुण काही का असेनात. मात्र तीन-तीन-तीन देणाऱ्यानं एका ओळीचा शेरा लिहिलाच पाहिजे. आणि काट्याचे शेरे म्हणजे काय विचारता! ‘गंजलेलं फाटक.’ ‘सर्दी झालेला बेडूक.’ ‘बादली फरशीवरून ओढली.’ चहाच्या वेळी मोठे डॉक्टर ते वाचून दाखवत आणि सगळे पोट धरून हसत. आपण आवाजाला हसतो, माणसाला नाही, असं ती म्हणे. तिला ते खरंही वाटत असे.

मग ताईचा गळा गेला.

ताई तिच्यापेक्षा आठ वर्षांनी मोठी. आई गेल्यावर हिची वेणीफणी, दप्तर, डबा, सगळं तिनं केलं आणि त्या नादात स्वतःचं लग्न राहूनच गेलं. दोघी एकाच दोन खोल्यांच्या घरात राहत. ताई कोर्टात पुकारा करायची. म्हणजे न्यायाधीशांच्या दाराबाहेर उभं राहून ज्याचं प्रकरण आलंय त्याच्या नावानं तीनदा हाक द्यायची. तीन हाकांत माणूस आला नाही तर तो गैरहजर, आणि बऱ्याचदा प्रकरणही हातचं गेलं. सव्वीस वर्षांत ताईच्या हाका ऐकू आल्या नाहीत अशी तक्रार एकाही माणसानं केली नव्हती. जिन्याखाली, झाडाखाली, फाटकाबाहेर टपरीवर बसलेला पक्षकार तिच्या दुसऱ्या हाकेला धावत सुटायचा. ताईला या गोष्टीचा भारी अभिमान होता. "वकील हरवतो ती केस वेगळी," ती म्हणायची, "पण माझ्या तोंडानं आजवर कुणी हरलेला नाही."

गळ्यातली गाठ काढताना दुसऱ्या एका इस्पितळात तिची नस दुखावली आणि डावा तंतू लुळा पडला. ताईच्या तोंडून शब्दांऐवजी वाफ यायला लागली. कोर्टानं तिला मुदत दिली: आवाज बरा झाल्याचा दाखला आणा, नाहीतर पंधरा तारखेपासून तळघरात, अभिलेख कक्षात. तिथं कागद असतात, माणसं नसतात. हाक मारायला कुणी नाही आणि ओ द्यायलाही कुणी नाही.

काट्यानंच तिला मोठ्या डॉक्टरांच्या अभ्यासात आणलं. शस्त्रक्रियेच्या आधीचं रेकॉर्डिंग ऐकताना ताईची वाफ तिनं पहिल्याच शब्दाला ओळखली, ‘होय’वर खूण केली आणि कागद म्हाताऱ्या डॉक्टरांकडे सरकवला. तेव्हा तिचा काटा सरळ होता. हे तिच्या बाजूनं सांगायला हवं, कारण यापुढे तिच्या बाजूनं सांगण्यासारखं फार थोडं आहे.

शस्त्रक्रिया झाली. दोन आठवडे सक्तीचं मौन. ते संपलं त्या सकाळी काटा चहाचा कप घेऊन ताईसमोर बसली आणि म्हणाली, "बोल की आता. काहीही बोल."

ताईनं पाटी ओढली आणि लिहिलं: तुझ्यापुढे नाही. तुला गुण द्यायचे आहेत.

"अगं, मी नाही देणार! खूण करून बाजूला ठेवीन."

ताईनं लिहिलं: तो म्हातारा बहिरा आहे, तूच सांगतेस. त्याच्या दोनावर मला दाखला नको. मला खऱ्या कानाचा पाहिजे. साक्षीदाराला आधी भेटायचं नसतं.

आणि तिनं ते पाळलं. चार आठवडे! बाहेर भाजीवाल्याशी, शेजारणीशी, आवाज-शिक्षिकेशी ती बोलत होती. घराच्या दाराशी आली की ओठ मिटायची. शेजारीण एकदा काट्याला म्हणाली, "तुमच्या ताईंना आवाज आला हो! बदललाय, पण केवढा मोठा!" काट्यानं कानांवर हात ठेवले. गंमत म्हणून ठेवले, पण ठेवले.

एकीकडे तिचं मन मात्र दुसरंच काही शिजवत होतं. आवाज बदललेला असो नसो, ताईला ती ओळखणारच होती. लहानपणी ताई तिला धडे वाचून दाखवायची तेव्हापासूनची सवय तिला पाठ होती: ‘नदी’तली ‘दी’ जरा लांबवायची आणि पुढच्या शब्दाआधी आवंढा गिळायचा. ओळखल्यावर ‘होय’वर खूण करून म्हाताऱ्याच्या दोनांवर ताईला सोडायची तिची इच्छा नव्हती. ‘नाही’वर खूण करायची आणि शून्य द्यायचे, असं तिनं ठरवलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा. ‘एकदाच,’ ती आरशात बघून म्हणाली, ‘आणि तेही ताईसाठी.’ एवढं म्हटलं की माणसाला कशीही झोप लागते. तिलाही लागली.

ऐकणीचा दिवस आला. शांतखोलीच्या भिंतींना राखाडी स्पंज लावलेला, दार बंद झालं की स्वतःच्या गिळण्याचाही आवाज ऐकू येतो. काट्यानं हेडफोन चढवला, पेन्सिलीला टोक केलं आणि चाळीस आवाज एकापाठोपाठ एक ऐकायला सुरुवात केली. पहिले सोळा रोजच्यासारखे गेले. सतराव्याला तिच्या अंगावर काटा आला. "नावाडी नदी... पलीकडे निघाला तेव्हा दिवा विझला होता." ‘दी’ लांबली होती. मधे आवंढा होता. आवाजात हवा सुटत होती, थोडी खरखरही होती, खरं तर दोन-दोन-एकचा माल. पण ताई! तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं ‘नाही’वर खूण केली आणि लिहिलं: शून्य, एक, शून्य. पाचाच्या जागी एक.

मग तिला आकडेवाले आठवले. विभागात आकड्यांचा हिशेब बघणारे एक गृहस्थ होते, ते प्रत्येक ऐकणाऱ्याच्या गुणांची सरासरी काढून रेघ मारत. कोण सैल होतोय, कोण आवळतोय, ते त्यांना लगेच दिसे. काट्याची रेघ अकरा वर्षं टेबलासारखी सपाट होती. आज ती चार गुणांनी खाली आली असती. चार गुण म्हणजे काहीच नाही, कुणाच्या लक्षातही आलं नसतं. पण काट्याला आपल्या रेघेची चाड होती. चोरी करायची तीही नीटनेटकी, अशा स्वभावाची बाई. चार गुण इकडे कमी केलेत तर चार गुण कुठंतरी वाढवले पाहिजेत. एखाद्याला पाचाच्या जागी नऊ दिले की झालं.

ती वाट बघत बसली. अठरा, एकोणीस, वीस, तिला कुणाला हात लावावासा वाटेना. कुणी म्हातारा होता, कुणाच्या आवाजात रडू होतं. एकोणतिसावा आवाज आला आणि तो तिला बघताक्षणी आवडला नाही, म्हणजे ऐकताक्षणी. जाड, खालच्या पट्टीतला, बाईचा की पुरुषाचा तेही कळेना. आणि वाचणं तर असं की कुणी मागं लागलंय. भराभर, सपाट, श्वाससुद्धा न घेता. सहा ओळी म्हणजे जणू सामानाची यादी. जोर मात्र दणदणीत होता. हेडफोनचा आवाज तिला कमी करावा लागला. न्यायानं बघितलं तर दोन, एक, दोन. पाच. बरोब्बर पाच.

‘असेल कुणी गुदामावरचा मुकादम,’ ती मनाशी म्हणाली, ‘त्याला काय फरक पडतोय!’ आणि लिहिलं: तीन, तीन, तीन. शेरा लिहिणं भाग होतं. तो तिला शोधावाही लागला नाही. ‘कोरडा पंप. बंद ठेवलेलाच बरा.’ लिहून झाल्यावर ती स्वतःशीच हसली. बऱ्याच दिवसांत इतका नेमका शेरा जमला नव्हता.

आठवड्यानं नंबरांची पाकिटं उघडली. मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत आकडेवाले एकेक नंबर वाचत होते आणि समोर कोण तेही सांगत होते. सतरा नंबर म्हणजे एक निवृत्त शिक्षिका, काट्यानं कधी न पाहिलेली. काट्याला वाटलं, यांची काहीतरी गल्लत होतेय. एकोणतिसाला आकडेवाले थांबले, चष्मा वर केला आणि म्हणाले, "या तुमच्या ताई ना? आणि इथं तर एकानं तीन-तीन-तीन दिलेत. नियमानं नापास. दाखला नाही."

"वाईट झालं," मोठे डॉक्टर म्हणाले. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं, कारण चाळिसांतला एक गेला होता. "पण काटाबाई, तुम्हाला ओळखू आल्या नाहीत?"

"नाही," ती म्हणाली.

"म्हणजे बघा किती निष्पक्ष ऐकणी झाली! हे मी प्रबंधात लिहिणार आहे. सख्खी बहीण, आणि ओळखलं नाही." ते सगळ्यांकडे कौतुकानं बघत होते.

वाट एकच उरली होती. कुणाही ऐकणाऱ्याला आठ दिवसांत फेरऐकणीचा अर्ज करता येत असे, कारण लिहून. काट्यानं अर्ज घेतला आणि पर्समध्ये ठेवला. कारण काय लिहिणार? कान चुकला म्हटलं तर कुणी मानलं नसतं, या कानाची तर शपथ घेत सगळे. खरं लिहायचं तर सतराही लिहावं लागलं असतं, आणि मग अकरा वर्षांचे सगळे कागद बाहेर निघाले असते. नोकरी, नाव, ती सपाट रेघ. ती रोज अर्ज बाहेर काढायची, बघायची आणि घडी घालून परत ठेवायची. घरी ताई पाटीवर लिहून विचारायची: निकाल कधी? काटा म्हणायची, "अजून नाही कळला." ताईच्या खांद्यावर हात ठेवून म्हणायची, हे आणखी वाईट.

आठव्या दिवशी दुपारी ताई विभागात आली. सव्वीस वर्षं कोर्टात काढलेली बाई. निकालाची वाट बघत बसणाऱ्यांतली ती नव्हती. तिनं खिडकीवर अर्ज देऊन आपल्या गुणपत्राची नक्कल काढली होती. काटा शांतखोलीच्या दाराशी उभी होती. ताईनं तिच्यासमोर कागद धरला आणि शस्त्रक्रियेनंतर पहिल्यांदा तिच्याशी तोंडानं बोलली.

"छोटे, यात ऐकणारे अ, ब आणि क आहेत. अ नं चार दिलेत, ब नं पाच. क म्हणजे तू."

तोच आवाज. जाड, खालचा, दणदणीत.

"मी? नाही गं. क म्हणजे ते म्हातारे..."

"‘कोरडा पंप. बंद ठेवलेलाच बरा,’" ताईनं वाचलं. "मागच्या अंगणातला पंप. उन्हाळ्यात पाणी आटलं की तू दांडा हलवत बसायचीस आणि बाबा आतून ओरडायचे, बंद ठेवा तो कोरडा पंप. हे तुझ्या-माझ्याशिवाय जगात कोण म्हणतं? मी तुला एका ओळीत ओळखलं. तुला माझ्या सहा पुरल्या नाहीत."

"तू वाचलंसच तसं! भराभर, कुणी मागं लागल्यासारखं! तू अशी वाचतेस का कधी?"

"मुद्दाम वाचलं. ‘नदी’ लांबवली असती तर तू ओळखलं असतंस आणि फुकट पास केलं असतंस. मला तसं नको होतं. मला तुझा खरा कान पाहिजे होता."

काट्याच्या तोंडून मग सगळंच बाहेर पडलं, सतरा नंबर, चार गुण, आकडेवाले, रेघ. रडत रडत, नाक पुसत. शेवटी ती म्हणाली, "मला खरंच वाटलं गं, दुसरं कुणीतरी आहे."

ताईनं विचारलं, "दुसरं कुणी असतं, तर चाललं असतं?"

काटा रुमालाची घडी घालत राहिली.

"बरं. फेरऐकणीची मुदत आज पाचपर्यंत आहे, खिडकीवर सांगितलं मला. अर्ज भर."

"ताई, माझी नोकरी जाईल. मला कुणी दारात उभं करणार नाही. तुला तर तिथं खाली जागा आहेच, पगारही तोच. मला कुठं काय आहे?"

हे वाक्य तिनं बोलायला नको होतं. पण ती बोलली, आणि बोलताना तिला ते अगदी वाजवी वाटलं. ताईनं नकलेची घडी घातली, पिशवीत ठेवली आणि चालू लागली. लांबलचक व्हरांड्याच्या पार दुसऱ्या टोकाला, जिन्यापाशी जाऊन ती वळली, पाय जुळवून उभी राहिली आणि हात पाठीशी बांधले. कोर्टाच्या दाराबाहेर ती अशीच उभी राहायची.

मग तिनं काट्याच्या नावानं पुकारा केला. टोपणनाव नाही, छोटी नाही. आई-बाबांनी ठेवलेलं पूर्ण नाव, जे या इमारतीत कुणाला ठाऊकही नव्हतं.

बाकांवरचे पेशंट दचकले. तपासणीच्या खोल्यांची दारं उघडली. काटा तिथंच उभी होती, पर्सच्या कप्प्यातल्या अर्जावर बोट ठेवून.

दुसरी हाक. खालच्या मजल्यावरून कुणीतरी वर बघायला आलं. आवाजाला खरखर होती, ताण होता, हे कुणाच्या ध्यानातही आलं नाही. तो फाटकापर्यंत गेला असणार.

तिसऱ्या हाकेला ताई जरा जास्त थांबली. पक्षकार कुठं लांब असेल, धापा टाकत येत असेल, म्हणून ती नेहमीच तिसऱ्या हाकेनंतर एक श्वास जास्त थांबायची. मग तिनं मान हलवली आणि जिना उतरून गेली.

मोठे डॉक्टर खोलीतून घाईघाईनं बाहेर आले, हातात चहाचा कप तसाच. "कोण होतं? काय आवाज हो! पार्किंगमध्ये ऐकू गेला असेल. आपल्या चाळिसांपैकी आहे का कुणी? असं माणूस मिळालं तर परिषदेत व्यासपीठावरच उभं करीन!" ते व्हरांड्याच्या दोन्ही टोकांना बघून आले आणि काट्यापाशी थांबले. "तुमच्या समोरच झालं ना? ओळखीचा आवाज?"

काट्यानं पर्सची चेन लावली.

"नाही," ती म्हणाली.